वाटा एकाचा, वावर दुसऱ्याचं

१७८२ च्या फेब्रुवारीत कुंभकोणमच्या परिसरात, कोळ्ळिडम नदीच्या काठी, कंपनी सरकारच्या कर्नल ब्रेथवेटची तुकडी टिपू सुलतानाने घेरली. ब्रेथवेट दोन-तीन दिवस झुंजला आणि अखेर त्याने शस्त्रं खाली ठेवली. लष्करी इतिहासात ही अण्णागुडीची लढाई म्हणून ओळखली जाते. तोफा किती, घोडेस्वार किती, फ्रेंच सैनिक कुठल्या बाजूने चालून आले, याची वर्णनं सापडतात. पण कावेरीच्या खोऱ्यात माघ-फाल्गुन म्हणजे सांबा भाताच्या कापणीचे आणि मळणीचे दिवस. त्या वर्षी शेतात कापण्याजोगं फारसं उभं नव्हतं, आणि विळा धरणारे हातही जागेवर नव्हते.

हैदर अली १७८० च्या जुलैत कर्नाटकात उतरला, आणि १७८१ मध्ये त्याच्या फौजा तंजावरच्या मुलखात पसरल्या. तंजावरचा किल्ला तेवढा राजाच्या आणि इंग्रजांच्या हातात राहिला. बाकी मुलूख उघडा पडला. गावं जळाली, गुरं हाकून नेली, माणसं म्हैसूरकडे पाठवली गेली. तंजावरला राहणारा जर्मन पाद्री ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ याच्या म्हणण्याप्रमाणे एकट्या तंजावर राज्यातून बारा हजार मुलं नेली गेली. हा आकडा शत्रुपक्षाच्या गोटातला, म्हणून जरा हात राखूनच घ्यावा. पण १७८० ते १७८२ या काळात तंजावरचं उत्पन्न सुमारे ९० टक्क्यांनी घसरलं असावं, असा आधुनिक अर्थेतिहासकारांचाही अंदाज आहे. लोकांच्या तोंडी या काळाला नाव पडलं ‘हैदर कलबम’, म्हणजे हैदरची धामधूम.

सगळं खापर हैदरवर फोडणं मात्र सोयीचं असलं तरी खरं नाही. त्याआधीची दहा वर्षंही कुळांना सुखाची गेली नव्हती. अर्काटचा नवाब महंमद अली याने इंग्रजांच्या मदतीने १७७१ मध्ये तंजावरला वेढा दिला आणि १७७३ मध्ये राज्यच घेतलं. १७७६ मध्ये लंडनहून हुकूम आला आणि मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट याने स्वतः तंजावरला येऊन तुळजाराजांना गादी परत दिली. तेवढ्यात पॉल बेनफिल्ड नावाचा कंपनीचा एक चाकर पुढे झाला. मधल्या काळात आपण नवाबाला आणि रयतेला कर्जं दिली आहेत, त्यापोटी तंजावरचा वसूल आणि शेतात उभं असलेलं पीकसुद्धा आपल्याकडे गहाण आहे, असा त्याचा दावा. रक्कम सुमारे २ लाख ३४ हजार पौंड! पिगटने दावा धुडकावला, तेव्हा त्याच्याच कौन्सिलातल्या विरोधकांनी त्याला ऑगस्ट १७७६ मध्ये कैद केलं, आणि पुढल्या वर्षी तो कैदेतच वारला. कावेरीकाठच्या भाताच्या लोंब्यांवरून मद्रासचा गव्हर्नर पदच्युत व्हावा, ही गोष्ट नाटकात घातली तर प्रेक्षक म्हणतील, लेखकाने फारच ताणलं.

म्हणजे हैदर आला तेव्हा इथला शेतकरी आधीच मेटाकुटीला आलेला होता.

हे शेतकरी कोण, हे समजल्याशिवाय पुढचे तंटे कळत नाहीत. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं १६७५-७६ च्या सुमारास. मराठे राज्यकर्ते म्हणून नवे होते, पण गावांची घडी जुनी होती, आणि ती त्यांनी फारशी मोडली नाही. गावाची जमीन मिरासदारांची, आणि मिरासदारी मोजली जायची वाट्यांत. तमिळमध्ये या वाट्याला ‘पंगु’ म्हणतात. काही गावं एकट्या मालकाची, ती ‘एकभोगम्’. काही गावांत वाटे कायमचे वेगळे पाडलेले. काही गावं ‘समुदायम्’, म्हणजे वाटे ठरलेले पण वावरं ठरलेली नाहीत. तिथे ठरावीक मुदतीने चिठ्ठ्या टाकून जमिनीची फेरवाटणी व्हायची. आज वरच्या पाटाजवळचा तुकडा वाट्याला आला, तर पुढल्या फेरीत कदाचित शेपटाकडचा, जिथे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं. कुणालाच कायमची चांगली जमीन नाही, कुणालाच कायमची वाईट नाही. डोक्याने आखलेली व्यवस्था होती. फक्त चिठ्ठी टाकायचा हक्क मिरासदारालाच होता.

मिरासदार स्वतः नांगर धरीलच असं नाही. ब्राह्मण मिरासदार तर नाहीच. त्यांच्यासाठी जमीन कसायची दोघांनी. एक कुळ, आणि दुसरा पण्णैयाळ. हे पण्णैयाळ बहुतेक पळ्ळर आणि परैयर जातींचे, शेताबरोबर बांधलेले, कैक ठिकाणी उघडउघड गुलाम. कुळांतही दोन प्रकार. गावातच पिढ्यान्‌पिढ्या राहून कसणारा तो ‘उळकुडी’, आणि बाहेरगावाहून आलेला तो ‘परकुडी’.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. देशावर मिरासदार आणि उपरी हीच जोडी होती. उपऱ्याला गावात जमीन मिळायची ती कौलाने, मुदतीने. मिरासदाराची मात्र वंशपरंपरेने. १६३०-३२ च्या दुष्काळानंतर पुणे प्रांत ओसाड झाला, तेव्हा बाहेरची माणसं आणून, पहिली काही वर्षं सारा नाममात्र ठेवून आणि मग दरवर्षी चढवत नेऊन जमीन लागवडीला आणली गेली. या चढत्या साऱ्याला ‘इस्तावा’ म्हणत. ज्यांचं कुणी उरलं नाही त्यांची जमीन कागदोपत्री ‘गतकुळी’ व्हायची. पण गेलेल्या मिरासदाराचा मुलगा किंवा नातू वर्षांनी परत आला, तर ‘माझी मिरास मला द्या’ म्हणायला त्याला तोंड होतं, आणि उपऱ्याला बहुधा उठावं लागायचं. भोसल्यांच्या तंजावर दरबारातल्या कारकुनांना ही भानगड घरचीच होती.

नव्याने येणारे सगळे सारखे नसतात, हेही या दरबाराने दाखवून दिलं होतं. तंजावरच्या शहाजीराजांनी (१६८४-१७१२) कुंभकोणमजवळचं तिरुविशनल्लूर हे गाव १६९३ मध्ये ४६ विद्वानांना अग्रहार म्हणून दिलं आणि त्याला आपल्या नावाने शहाजीराजपुरम् म्हटलं. श्रीधर अय्यावाळ यांच्यासारखी मंडळी तिथली. तेही बाहेरूनच आलेले, पण त्यांना परकुडी कोण म्हणणार! सनद हातात असली की माणूस पहिल्या दिवसापासून गावचा होतो.

लढाया संपल्या, १७८४ मध्ये मंगळूरचा तह झाला, आणि प्रश्न उरला तो माणसांचा. तंजावरच्या खोऱ्यात जमिनीची वाण कधीच नव्हती, गाळाची जमीन होती ती होतीच. वाण पडली कसणाऱ्यांची. शिवाय भातशेती ही एकट्यादुकट्याची गोष्ट नव्हे. कावेरीचं पाणी अरसलार आणि इतर फाट्यांतून, मग पाटांतून, मग चाऱ्यांतून शेवटच्या वावरापर्यंत न्यायचं, तर दरवर्षी उन्हाळ्यात सगळ्या गावाला गाळ काढावा लागे. या श्रमदानाला तिथे ‘कुडिमरामत्तु’ म्हणत. गाव अर्धं रिकामं झालं की पाट अर्धा साफ होत नाही, तो पूर्णच बुजतो. ज्याचं घर सावरलं होतं त्यालाही शेजारी हवा होता, तो यासाठी. वरच्या अंगाला आणखी निराळी कटकट. कावेरीचं पाणी सखल कोळ्ळिडमकडे निसटू नये म्हणून असलेला जुना बांध त्रिचनापल्लीच्या हद्दीलगत, म्हणजे नवाबाच्या हातात, आणि त्याची डागडुजी करू द्यायची की नाही यावरून नवाब आणि तंजावरकर यांचं हैदरच्या कितीतरी आधीपासून वाजलेलं.

परत येणाऱ्यांनी लगेच यावं, असंही काही नव्हतं. श्वार्ट्झने पुढे लिहून ठेवलं आहे की राजाच्या अंमलदारांच्या जुलमाने वैतागून रयत मुलूख सोडून गेली, पेरणीचा हंगाम टळायला आला, आणि राजाच्या आश्वासनावर कुणी विश्वास ठेवीना. शेवटी दरबाराने त्या पाद्र्यालाच मध्ये घातलं. तुमचा वाटा तुम्हाला मिळेल, अशी हमी त्याने दिली तेव्हा एका दिवसात सात हजार माणसं परतली. हंगाम हातचा चालला आहे, जोर लावा, असं त्याने म्हटल्यावर आम्ही रात्रंदिवस खपू, असं त्यांनीच त्याला सांगितलं. श्वार्ट्झ स्वतःच्या कामगिरीचं वर्णन करतो आहे, हे खरं. तरी एक गोष्ट लपत नाही. ज्या रयतेला आपल्या राजाचा शब्द पुरेना, तिला परक्या मुलखातल्या, परक्या धर्माच्या माणसाचा शब्द चालला. खळ्यावरच्या मापात तंजावरच्या मराठी कारभाऱ्यांनी किती पत घालवली होती, त्याचा हा पुरावा. भोसल्यांच्या कलाप्रेमाचं कौतुक करताना आपण तो सहसा बाजूला ठेवतो.

दरबाराने आपला उपाय त्याआधीच काढला होता. बाबा पंडित या कारभाऱ्याने १७८१ च्या सुमारास गावांचे गट पाडले, आणि प्रत्येक गट एकेका वजनदार माणसाच्या हवाली केला. हे पट्टकदार. ओसाड गावात माणसं आणायची, बी आणि बैल पुरवायचे, वसूल गोळा करायचा आणि सरकारात भरायचा, हे त्यांचं काम. कुणाकडे एकच गाव, कुणाकडे शंभराहूनही अधिक. माणसं येऊ लागली, लागवड वाढू लागली, म्हणून योजना फसली असं म्हणता येत नाही. पण पट्टकदार बहुधा स्वतःच मोठा मिरासदार. शेजारच्या गावातल्या गेलेल्या मिरासदाराचा वाटा त्याच्या देखरेखीखाली, आणि त्यावर कसणारा परकुडी त्यानेच आणलेला. मालक परतला की पट्टकदाराला ते का रुचावं?

तंट्याचं मूळ इथे आहे, आणि ते नीट पाहिलं तर दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या दिसतात. समुदायम् गावातला मिरासदार परत येतो तेव्हा तो एका वाट्याचा धनी असतो. त्याचा वाटा म्हणजे गावाचा अमुक हिस्सा. अमुक बांधापासून अमुक बांधापर्यंतचं वावर नव्हे. परकुडीचं नेमकं उलटं. त्याने एक विशिष्ट तुकडा साफ केलेला असतो, तिथलं रान तोडलेलं, चारी उकरलेली, बांध घातलेला. त्याच्याकडे वावर आहे, वाटा नाही. फेरवाटणीच्या दिवशी चिठ्ठी निघते आणि त्याने चार हंगाम खपून सुधारलेली जमीन तिसऱ्याच मिरासदाराच्या नावावर पडते. त्या मिरासदाराने परकुडीचं काही वाकडं केलेलं नसतं, आणि परकुडीनेही त्याचं काही लुबाडलेलं नसतं. पण दोघांचे हिशेब एका वहीत मांडताच येत नाहीत.

हे सगळं उघड्यावर यायचं ते खळ्यावर. मळणी झाली की भाताची रास पडते, आणि सरकारी वाटा काढेपर्यंत कुणी हात घालू नये म्हणून राशीवर ओल्या मातीचे छाप उठवतात. मग मापारी माप धरतो. आधी देवळाचं, मग सुतार, लोहार, न्हावी, परीट, पाटाचं पाणी सोडणारा नीरकट्टी यांचं. मग सरकारचा ‘मेलवारम्’. उरलं ते कसणाऱ्या बाजूचं ‘कुडिवारम्’. आणि त्या उरलेल्यातून पुन्हा मिरासदाराने आपला भाग उचलायचा, परकुडीने आपला. मिरासदाराच्या या उचलीला ‘स्वामिभोगम्’ म्हणत. मद्रासचा कलेक्टर एलिस याने १८१८ च्या सुमारास मिरासी हक्कांवर लिहिलं, त्यात तिची चर्चा आहे. मुलूख ओस होता तोवर परकुडीला बरी घासाघीस करता येत होती. ‘मी पलीकडच्या गावात जातो’ एवढं म्हटलं की काम व्हायचं, कारण पलीकडच्या गावालाही माणूस हवाच होता. जसजशी घरं भरत गेली तसतशी त्याच्या या धमकीची किंमत उतरत गेली.

पण्णैयाळांचा या घासाघिशीत आवाजच नव्हता. हैदरच्या धामधुमीत त्यांचीही माणसं गेली, मेली, पळाली. काही जण पळाले ते मालकापासूनही पळाले असतील, आणि परत आणले गेले असतील तर ते ‘परतलेले’ म्हणायचे की ‘पकडलेले’? मोडी दप्तरात मिरासदारांच्या तक्रारी सापडाव्यात हे साहजिक आहे. पण्णैयाळ लिहिता असता तर १७८० च्या दशकाचा इतिहास कदाचित वेगळ्याच ठिकाणापासून सुरू झाला असता.

ऑक्टोबर १७९९ मध्ये सरफोजीराजांनी तहाने राज्याचा कारभार कंपनीला दिला. त्याच्या वर्षभर आधी गादीवरून उतरवलेले राजे अमरसिंह कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूरला जाऊन राहिले आणि १८०२ मध्ये तिथेच वारले. कंपनीचा पहिला कलेक्टर हॅरिस याने पट्टकदारांच्या जुलमाच्या कहाण्या ऐकून ती पद्धत मोडली आणि थेट मिरासदारांशी व्यवहार धरला. वरवर पाहता सुटकाच. पण मधल्या वीस वर्षांत ज्याने ओसाड जमीन उठवली तो या नव्या वहीत बसलाच नाही. कंपनीच्या मोजदादीत तंजावरची ५,७८३ गावं आली, आणि सुमारे ६२ हजार मिरासदार, त्यांतले १७ हजारांहून अधिक ब्राह्मण. ही मंडळी आता सरकारदरबारी जमिनीची मालक ठरली. परकुडी मालकाच्या मर्जीवरचा कसणारा ठरला. कुणी कुणाची जमीन हिसकावली असं नाही. सरकारने फक्त विचारलं की वाटा कुणाचा आहे. वावर कुणी उठवलं, हे विचारलं नाही.

पुढे ऑर्थर कॉटनने १८३६ च्या सुमारास कोळ्ळिडमवर बंधारे बांधले. पाण्याची शाश्वती झाली, जमिनीचे भाव चढले, आणि गावातला मिरासदार कुंभकोणमात बिऱ्हाड करू लागला. १८५४ मध्ये तिथे सरकारी शाळा निघाली आणि तिचं पुढे नावाजलेलं कॉलेज झालं. सर टी. माधवराव आणि दिवाणबहादूर रघुनाथराव हे दोन दिवाण याच गावच्या मराठी घराण्यातले. १८४३ च्या कायद्याने गुलामी न्यायालयात मानली जाईना. पण्णैयाळ मात्र पण्णैयाळच राहिला, फक्त साखळदंडाच्या जागी कर्ज आलं.

दीडशे वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न सरकारपुढे आला. १९५२ च्या ऑगस्टमध्ये राजाजींच्या सरकारने तंजावरच्या कुळांसाठी आणि पण्णैयाळांसाठी वटहुकूम काढला. एका गावात एक वेलीपेक्षा, म्हणजे पावणेसात एकरांच्या आसपास, जास्त जमीन असलेल्या मालकांना तो लागू झाला. कुळाला उत्पन्नाचा किमान दोन-पंचमांश वाटा मिळावा आणि मनाला येईल तेव्हा काढून टाकता येऊ नये, अशी तरतूद झाली. तीन-साडेतीन महिन्यांत, ३० नोव्हेंबरला, नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळलं आणि उभं सांबा पीक झोपलं. कायदा आणि आपत्ती एका हंगामात आल्यावर कुळाने हक्क मागायचा की मालकाची मदत, हा पेच घरोघर पडला असणार.

मग कुंभकोणमपासून जवळच्याच आडुतुरैच्या भात संशोधन केंद्राने १९६५ मध्ये ‘एडीटी २७’ हे झटपट येणारं कुरुवै भाताचं वाण दिलं. वर्षात दोन पिकं, म्हणजे कापणीला दुप्पट हात. मजुरांनी मजुरी वाढवून मागितली, मालकांनी बाहेरगावचे मजूर आणले. पूर्व तंजावरात भांडण मजुरीतल्या अर्ध्या माप भाताच्या वाढीपेक्षा ‘बाहेरच्यां’वरून जास्त पेटलं. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री किळ्वेण्मणी गावात ४४ दलित माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, एका झोपडीत जाळून मारली गेली. पुढे उच्च न्यायालयात जमीनदार निर्दोष सुटले.

त्यानंतर १९६९ मध्ये तामिळनाडूत दोन कायदे झाले. एक पूर्व तंजावरच्या शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा. दुसरा कुळांच्या नोंदीचा, ज्याने कसणाऱ्याचं नाव सरकारी पुस्तकात चढवणं सक्तीचं केलं. कुंभकोणमच्या आसपास तिरुवावडुतुरै आणि तिरुप्पनंदाळ यांसारख्या मोठ्या मठांच्या आणि असंख्य देवळांच्या जमिनी आहेत. तिथे या नोंदीवरून खटले चालत आले आहेत. आणि गेल्या काही वर्षांत लावणीच्या हंगामात पश्चिम बंगालमधून मजुरांच्या टोळ्या या खोऱ्यात येतात, ठेक्याने एकराचा भाव ठरवून लावणी उरकतात आणि निघून जातात. गावातली तरुण पोरं चेन्नई-तिरुपूरला गेल्यामुळे मालक या टोळ्यांवर खूश आहेत. मागे राहिलेल्या बायका, ज्यांच्या आजवरच्या मजुरीचा मोठा भाग लावणीवर होता, त्या नाहीत.